रविवारी फोन आला नाही तर?

रेसिडेन्सीला आपल्या शाळेची सहल दरवर्षी जाते. नवे कॅडेट तोफगोळ्यांनी फुटलेल्या भिंतींसमोर फोटो काढतात, हेन्री लॉरेन्स कुठे जखमी झाला ते गाइड दाखवतो, बेगम हजरत महल यांचे नाव निघते, आणि बस चहाच्या वेळेला परत येते. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. १८५७ साली त्या आवारात कोंडलेल्या माणसांना बाहेर निरोप पाठवायचा होता आणि तार तुटलेली होती. तरी निरोप गेले आणि आलेही. ते कसे, हे सैनिकी शाळेतल्या मुलांनी तिथे उभे राहून समजून घ्यावे, असे मला वाटते.

आपली ओढ वेढा घालणाऱ्यांकडे आहे आणि ती असायलाच हवी. पण संदेशवहन शिकताना शत्रूची वही उघडायला काय हरकत आहे? आपले पूर्वज ती उघडत होतेच.

३० जून १८५७ ला चिनहटला लढाई झाली. इंग्रज हरले आणि रेसिडेन्सीत अडकले. जुलैच्या अखेरीस अंगद नावाचा एक पेन्शनर शिपाई वेढ्यातून वाट काढत आत आला. त्याच्याजवळ कानपूरकडून निघालेल्या हॅवलॉकच्या फौजेची चिठ्ठी होती: पाच-सहा दिवसांत भेटू. आत केवढा आनंद झाला असेल! पाच दिवस गेले, सहा गेले, पंधरा गेले. वाटेत लढाया, कॉलरा, शिवाय मागे कानपूर-बिठूरकडे नानासाहेब पेशव्यांच्या बाजूची फौज पुन्हा उभी राहिलेली. हॅवलॉकला माघारी फिरावे लागले. तो रेसिडेन्सीत पोहोचला २५ सप्टेंबरला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी.

इथे जरा थांबू या. चिठ्ठी पोहोचली, ती खरी होती, लिहिणाऱ्याने मनापासून लिहिली होती. तरीही तिने आतल्यांचे हाल वाढवले. कारण त्या सहा दिवसांत आलो नाही तर काय समजायचे, हे तिच्यात नव्हते. मदत संपली? उशीर झाला? चिठ्ठी नेणारा मारला गेला? शांततेचा अर्थ ठरलेला नसला की माणूस स्वतःच्या भीतीप्रमाणे तो लावतो. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. पुढे लिहितो ते ते पटावे म्हणून.

हॅवलॉक आणि आउट्राम आत आले खरे, पण तेही आतच अडकले. त्यांचे सामानसुमान आणि काही फौज आलमबागेत राहिली होती. आलमबाग म्हणजे तीच, जिथे आज बस टर्मिनल आहे आणि सुट्टीवरून येणारी तुमच्यापैकी बरीच मुले उतरतात. रेसिडेन्सीपासून अंतर साधारण सहा किलोमीटर. मध्ये सगळे शहर शत्रूच्या हातात. तेव्हा रेसिडेन्सीच्या छतावर सेमाफोर उभारायचे ठरले. एक उंच खांब, त्याला हलणारे हात, हातांच्या प्रत्येक स्थितीला एक अर्थ. समोरचा दुर्बिणीतून पाहतो आणि लिहून घेतो. हे यंत्र कसे बांधायचे आणि त्याची खुणांची भाषा काय, ही माहिती त्यांना पेनी सायक्लोपीडिया नावाच्या ज्ञानकोशात सापडली. वेढ्यात अडकलेल्या माणसांकडे तो ग्रंथ होता, ही ग्रंथालयाच्या तासाला झोपणाऱ्यांसाठी खास बातमी.

खांब उभा राहिला. पण आलमबागेत तो वाचणार कोण? तिथेही तसाच खांब हवा, आणि तीच खुणांची यादी हवी. ती यादी हवेतून जाणार नव्हती. ती माणसाच्या अंगावर लपवून, पायी, रात्री, पहारे चुकवत न्यावी लागली. त्या काळी असे निरोप पिसाच्या पोकळ नळीत मावतील एवढ्याशा कागदावर लिहीत, आणि पकडले गेले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्यांतले शब्द ग्रीक अक्षरांत लिहीत. अशी माणसे जिवावर उदार होऊन गेली, तेव्हा कुठे दोन छतांचे बोलणे सुरू झाले. म्हणजे दुरून बोलण्याआधी जवळ जाऊन ठरवावेच लागले. वेढा पडण्याआधी, निवांत असताना, हेच एका दुपारी ठरवून ठेवता आले असते.

९ नोव्हेंबरच्या रात्री कॅव्हनॉ नावाचा मुलकी कारकून वेष बदलून बाहेर पडला, कनौजीलाल नावाच्या वाटाड्या निरोप्याबरोबर. गोमती ओलांडून, शहरातून, चौक्यांमधून ते सर कॉलिन कॅम्पबेलच्या छावणीत पोहोचले. कॅव्हनॉला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाट ज्याला माहीत होती त्या कनौजीलालचे, आणि कितीतरी खेपा केलेल्या अंगदचे नाव फार थोड्यांना माहीत असते, ते इथे मुद्दाम घेतो. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. कॅव्हनॉ सुखरूप पोहोचला हे रेसिडेन्सीत कसे कळले? आलमबागेवर निशाण चढले. बस, एक कापड. तो पोहोचला तर निशाण चढवायचे, हे आधी ठरले होते. म्हणून त्या कापडाला अर्थ होता. आठवड्याभराने, १७ नोव्हेंबरला, रॉबर्ट्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने खुर्शीद मंझिलच्या बुरुजावर निशाण लावले, आपण कुठवर आलो ते आउट्रामला दिसावे म्हणून. गोळीबारात ते दोनदा पडले, त्याने तिसऱ्यांदा लावले. खुर्शीद मंझिलमध्ये आता ला मार्टिनियरची मुलींची शाळा आहे.

मराठी मुलांना हे नवीन वाटायला नको. विशाळगडावर महाराज पोहोचल्याच्या तोफा होईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड अडवली, ही १६६० ची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. तोफेचा आवाज काय, कुठल्याही तोफेचा सारखाच. त्या आवाजात ‘पोहोचलो’ हा शब्द कुठून आला? निघताना ठरले होते तिथून. आपण बाजीप्रभूंच्या शौर्याची भाषणे करतो, पाठ करून बक्षिसे मिळवतो. त्या ठरवण्यावर कोणी भाषण केलेले मी तरी ऐकले नाही.

आणि उलट बाजू पाहायची असेल तर पानिपत. १७६० च्या शेवटी भाऊसाहेबांची दक्षिणेकडची वाट अब्दालीने तोडली. अवधचा नवाब शुजाउद्दौला, म्हणजे आपण आज राहतो त्या मुलखाचा धनी, अब्दालीच्या बाजूला होता. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले ते जवळजवळ आंधळेपणाने. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, आणि दहा दिवसांनी भेलशाजवळ त्यांना जी बातमी मिळाली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, एका सावकारी पत्रातून: मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. एवढ्या मोठ्या राज्याला आपल्या फौजेचे काय झाले हे पेढीच्या सांकेतिक भाषेतून कळावे! पण त्याहून वाईट पुढे झाले. भाऊसाहेब नक्की पडले की वाचले, याचा शेवटचा शब्द कोणी सांगू शकले नाही, आणि त्या पोकळीत तोतया उभा राहिला. मीच भाऊ म्हणत त्याने माणसे जमवली, किल्ले घेतले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटले. पंधरा वर्षे! बातमीचा दुष्काळ पडला की खोट्या बातमीला भाव येतो.

आता आपल्याकडे वळू.

वीज गेली तर मोबाइलचे काय होते, हे मुलांना विचारले तर ती म्हणतात, चार्जिंग संपते. तुमच्या फोनची बॅटरी संपण्याआधी टॉवरची संपू शकते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. टॉवरला काही तासांची बॅटरी असते, मग डिझेल जनरेटर, आणि डिझेल कोणीतरी नेऊन ओतावे लागते. त्यातच सगळे एकदम फोन लावू लागतात आणि चालू टॉवरही गुदमरतो. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचे ग्रिड कोसळले, ते उभे करतात तोच ३१ ला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही कोसळली. साठ कोटींहून अधिक लोक राहतात एवढा मुलूख विजेविना होता, लखनौ त्यातच. त्याआधी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या किती घरांनी आपले माणूस कुठे आहे हे न कळता रात्र काढली, ते इथल्या काही पालकांना आठवत असेल. आणि अगदी अलीकडे, ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, लखनौतही. दिवे बंद करण्याचा सराव आपण नीट केला. फोन बंद पडल्याचा सराव मात्र कोणी केला नाही.

आपल्या शाळेत मोबाइल कॅडेटकडे नसतोच. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी रांगेत उभे राहून घरी बोलायचे. पालक त्या फोनभोवती आठवडा बांधून घेतात. सांगलीच्या, जळगावच्या, परभणीच्या घरात रविवारी फोन वाजला नाही की सोमवारी सकाळपासून हाऊसच्या फोनला आराम नसतो. मी पालकांना दोष देत नाही. पुष्पकने निघाले तरी मुंबईहून इथे यायला एक दिवस जातो. बारा वर्षांचे पोर तेवढ्या लांब ठेवलेल्या आईला शांत राहा म्हणणे सोपे आहे. मी म्हणतो, तिला शांत राहायला काहीतरी आधार द्या. आधार म्हणजे आधी ठरलेली गोष्ट.

उदाहरणार्थ, प्रवेशाच्या दिवशीच पालकांच्या हातात एक कागद पडावा: रविवारचा फोन आला नाही तर बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याचा काहीही अर्थ नाही. बुधवारनंतर शाळा प्रत्येक जिल्ह्यातल्या एका ठरलेल्या पालकाला निरोप देईल, आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या बाकीच्यांना सांगेल. दोनशे फोन लावण्याऐवजी दहा. जुन्या काळी गावात एकाच घरी फोन असायचा तेव्हा हे आपोआप होत असे; मुंबईच्या मुलाचा निरोप किराणा दुकानातून चार घरी जायचा. शाळेची दुरुस्ती, वादळ, नेट बंद, यांतले काहीही असले तरी बुधवार तो बुधवार. आणि बुधवार पाळायचाच, सगळे ठीक असले तरी. नाहीतर हॅवलॉकच्या सहा दिवसांसारखे होईल.

शिवाय प्रत्येक कुटुंबाने एक तिसरे माणूस नेमावे. नागपूरची मावशी म्हणा, बेळगावचे काका म्हणा, जे लखनौतही नाहीत आणि तुमच्या गावातही नाहीत. आई मुलाला फोन लावते, शाळा आईला लावते, दोघे एकमेकांना एंगेज लागतात. दोघांनीही मावशीला कळवायचे. एसएमएस करायचा, कारण त्याला सलग लाइन लागत नाही. तो अडून राहतो आणि वाट मिळाली की निघतो. फोन कट झाला तर बोलणे तिथेच संपते.

आता मावशीचा नंबर पाठ कोणाला आहे? गेल्या सत्रात मी प्रेपच्या वेळी एका वर्गाला घरचा एक नंबर न बघता लिहायला सांगितला. पाढे घडाघडा म्हणणारी मुले पेन चावत बसली. एकाने तर विचारले, “सर, नावाने सेव्ह आहे, नंबर कशाला?” कॅडेट मित्रांनो, तीन नंबर पाठ हवेत: आईचा किंवा वडिलांचा, मावशीचा, आणि हाऊसचा. रायफलचा नंबर जसा पाठ असतो तसे.

निरोप कसा असावा हेही शिकवावे लागेल. मुलांच्या पत्रांत नाश्त्याला काय होते हे असते, कुठे आहे हे नसते. पिसाच्या नळीत मावेल इतका निरोप लिहून पाहा. कोण, कुठे, कसा आहे, पुढचा निरोप कधी. ‘रोहन, शाळेतच, ठीक, पुढचे शुक्रवारी सहा वाजता.’ यातला शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सगळे विसरतात.

आणि एक घरचा शब्द. फक्त घरातल्यांना माहीत असलेला, कुठेही न लिहिलेला; लहानपणी गोठ्यातल्या गाईचे नाव होते ते, असा काहीतरी. ‘तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ हे फोन पालकांना येतात, आणि नेमके नेट किंवा वीज गेलेल्या दिवसांत खातरजमा करता येत नाही. शब्द विचारा. आला नाही तर समोर तोतया आहे.

स्टाफरूममध्ये हे बोललो तेव्हा दोन हरकती आल्या. एक, मुलांना घरापासून थोडे तोडले पाहिजे, सारखी आईची आठवण निघाली तर सैनिक कसा घडेल? दुसरी, आता उपग्रह आहेत, हे जुने खेळ कशाला?

पहिलीला माझे उत्तर असे: रेडिओ सायलेन्स आणि मेलेला सेट यांत फरक असतो. सायलेन्समध्ये सगळ्यांना माहीत असते की कोणी बोलणार नाही, कधीपर्यंत नाही, आणि कोणत्या वेळेला नेट उघडेल. म्हणून माणूस त्यात निर्धास्त काम करतो. मूल महिनाभर बोलले नाही तरी चालेल, जर दोन्हीकडे तो महिना ठाऊक असेल. कणखरपणाचा संबंध न बोलण्याशी आहे. न कळण्याशी नाही. सीमेवरचा जवान ५६ एपीओच्या पत्त्यावर आलेले पत्र आठवडाभर खिशात ठेवतो, त्याने तो मऊ पडल्याचे ऐकिवात नाही.

दुसरीला उत्तर लांबलचक देता येईल, पण अंदमानचे उदाहरण पुरे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला. तेव्हा भारती प्रसाद या हॅम रेडिओ ऑपरेटर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्या आपल्या छंदासाठी, परवानगी काढून, बेटांवरून जगाशी बोलायला गेल्या होत्या. अँटेना उभी होती, सेट चालू होता, ऐकणारे ठिकठिकाणी कानात हेडफोन घालून बसलेलेच होते. त्सुनामीनंतर त्याच सेटवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर गेले. तोच रेडिओ एखाद्या कपाटात पॅकबंद असता, किंवा समोर ऐकणारा कोणी नसता, तर त्याचा काय उपयोग होता? उपग्रह फोनही कपाटातच असतो. हॅम परवान्याची परीक्षा मुलांना बाराव्या वर्षापासून देता येते, तेव्हा शाळेचा क्लब काढायला अडचण पैशाची असू शकते, वयाची नाही. सिग्नल्स कोअरचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ आहे. तीव्र यंत्र होईल; चौकस माणसालाच व्हावे लागते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. दर सत्रात एक संध्याकाळ, सहा ते नऊ, शाळेचा मेन स्विच बंद, जनरेटर बंद, स्टाफचे मोबाइल एका पेटीत. प्रत्येक हाऊसने रोल कॉलचा आकडा ऑफिसपर्यंत पोहोचवायचा. धावत पोहोचवा, टॉर्चने पोहोचवा, छतावर कंदील धरून पोहोचवा, पण समोरच्याने काय समजायचे ते आदल्या दिवशी ठरवून. एमआय रूममध्ये एक पोरगा तापाने पडला आहे असे एका पाकिटात लिहून ठेवू, आणि ती बातमी मेडिकल ऑफिसरकडे किती मिनिटांत आणि किती बदलून पोहोचते ते पाहू. ‘ताप’चा ‘साप’ झाला तर पुढचा महिनाभर मेसमध्ये हसायला विषय मिळेल. त्याच संध्याकाळी पालकांनीही घरी आपला एसएमएस मावशीला करून पाहावा.

हाऊस मास्टरांपैकी तिघांनी होकार दिला आहे. एमआय रूमचे इन्व्हर्टर आणि गेटवरचा दिवा चालू ठेवायचा, एवढी अट प्रशासनाने घातली आहे, आणि ती रास्त आहे. तारीख ठरवताना मेसला दोन दिवस आधी कळवावे लागेल, कारण कणीक मळायचे मशीन विजेवर चालते आणि त्या दिवशी पोळ्यांऐवजी खिचडी करावी लागेल.